कठडा, मजुरी आणि सरवा

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घरबांधणीचा एक नियम आहे. नवं घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा. नाहीतर वरून कुणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. इस्राएल लोकांची घरं सपाट धाब्याची असत आणि अर्धा संसार वरच चाले. राहाबेने हेर लपवले ते धाब्यावर वाळत घातलेल्या जवसाच्या काड्यांखाली. पेत्र याफोत दुपारच्या प्रार्थनेला चढला तोही धाब्यावरच. माणसं वर वावरणार, पोरंटोरं खेळणार, म्हणून कठडा. वचन एवढंच आहे.

नाताळच्या सुमारास आपल्या घरांत वचनांची कॅलेंडरं येतात. डोंगर, गरुड, मेंढरं, मावळतीचा सूर्य आणि खाली सांत्वनाचं एखादं वचन. कठड्याचं वचन मी अजून एकाही कॅलेंडरवर पाहिलेलं नाही. पण ‘वचनाप्रमाणे जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?’ असं कुणी विचारलं, तर मी त्याला आधी हेच वचन दाखवीन. कारण ते आजच्या आज पाळता येतं. शेतातल्या विहिरीला कठडा आहे का? कोरडी निघालेली बोअर तशीच उघडी पडली आहे का? भाडेकरूच्या खोलीत गिझरला अर्थिंग दिलंय का? रानडुकरं येतात म्हणून कुंपणात रात्री करंट सोडणारा शेतकरी रविवारी पहिल्या बाकावर बसत असेल, तर त्याने आधी तार काढावी आणि मग बाकावर बसावं.

पवित्र शास्त्र पाळायचं म्हटलं की आपण थेट मोठ्या शब्दांकडे धावतो. प्रीती, क्षमा, नम्रता, विश्वास. हे शब्द खोटे नाहीत, पण त्यांच्यापासून सुरुवात केली की गाडी मनातल्या मनातच फिरत राहते. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असं ठरवलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःलाच विचारता येत नाही की आज जमलं की नाही. शास्त्रात दुसऱ्या प्रकारची वचनंही ढिगाने आहेत. त्यांत कोण, केव्हा आणि किती या तिन्हींची उत्तरं मिळतात. मजुराची मजुरी, सूर्य मावळायच्या आत. शेताचा काठ, गरीब आणि परक्यासाठी. आधी भावाकडे जा, मग वेदीकडे ये. माझं म्हणणं असं की सुरुवात या वचनांपासून करावी. मोठे शब्द त्यांच्या पोटातून येतात. उलट दिशेने आलेले मी फारसे पाहिले नाहीत.

आता वाचायचं कसं, ते. रोज सकाळी मननाची पुस्तिका उघडून नेमून दिलेला उतारा वाचायचा, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय आहे. वर्षभरात सबंध शास्त्र वाचून काढायच्या योजनाही असतात. त्यांत एक खोट राहते. वाचन पूर्ण करणं हेच ध्येय होऊन बसतं, आणि फेब्रुवारीत लेवीयापाशी अडकलेला माणूस डिसेंबरपर्यंत अपराधी चेहऱ्याने फिरतो. ज्याला वचन अंगी लावायचं आहे, त्याने वर्षातला निदान एक महिना एकाच लहान पुस्तकाला द्यावा. याकोबाचं पत्र त्यासाठी सगळ्यांत सोयीचं. अध्याय पाच, वचनं 108. चहा निवायच्या आत एक अध्याय होतो. पहिल्या आठवड्यात रोज सबंध पत्र वाचा, मोठ्याने. जमलं तर दोन वेगवेगळ्या भाषांतरांतून वाचा. जुनं ‘पवित्र शास्त्र’ पाठ झालेल्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये तेच वाक्य नव्याने टोचतं. मग पुढचे तीन आठवडे एकेका उताऱ्यापाशी थांबा.

याकोब स्वतःच सांगतो की वचन नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्यासारखा आहे. पाठ फिरली की आपण दिसतो कसे हेच तो विसरतो. विसरू नये म्हणून काय करावं? ज्या कॅलेंडरवर तुम्ही दुधाचे खाडे लिहिता, त्याच्यावरच एक ओळ लिहा. तिच्यात एक नाव असावं आणि एक वार असावा. ‘बुधवार : शेजारच्या काकूंचं लाइटबिल भरून येणं.’ ‘शनिवार : धाकट्याला फोन.’ ‘सहनशील राहणं’ ही ओळ चालणार नाही, कारण तिला वार नाही. आठवड्याला एकच ओळ पुरे. घरातल्या सगळ्यांना दिसते म्हणून ती टाळणं जड जातं, आणि पोरं विचारतातच, ‘फोन केला का?’

यापुढे सगळ्यांत जास्त वेळ मी मजुरीवर घेणार आहे, कारण आपल्या उपदेशांत तिला सगळ्यांत कमी वेळ मिळतो. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय सांगतो की मोलकऱ्याची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. अनुवादाचा चोविसावा अध्याय कारणही देतो: तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष त्या पैशाकडे लागलेलं असतं. याकोब पाचव्या अध्यायात श्रीमंतांना बजावतो की ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. तीन ठिकाणी, शेकडो वर्षांच्या अंतराने, तीच गोष्ट. तरी ‘मजुरी’ या विषयावर आपण शेवटचं प्रवचन कधी ऐकलं, आठवून पाहा.

आपल्या भागात बाजारवाराला हिशेब करायची रीत आहे. दृश्य ओळखीचं असतं. शेतमालक ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला. समोर पाच-सहा बाया, हातात रिकाम्या पिशव्या. वही उघडते, हजेरी मोजली जाते, आणि मग, ‘सुट्टे नाहीत गं, तुम्ही दोघी मिळून घ्या आणि बाजारात मोडून वाटून घ्या.’ किंवा, ‘आडत्याचे पैसे सोमवारी येतील, तेव्हा बघू.’ बाई काही बोलत नाही. पिशवी घडी घालून काखेत मारते. तिचा बाजार त्या दिवशी उधारीवर होतो, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो. ‘सोमवारी बघू’ची किंमत ती मोजते. अनुवादातलं वचन नेमकं इथे, ओट्यावर, पाळायचं असतं. त्यासाठी भक्ती लागत नाही. आदल्या दिवशी बँकेत जाऊन शंभरा-पन्नासाच्या नोटा आणाव्या लागतात. हल्ली फोनवरून पैसे पाठवता येतात, पण ज्या बाईच्या घरात फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिला विचारून घ्या की तिला कसे हवेत.

शहरातल्या वाचकांची यातून सुटका नाही. धुण्याभांड्याच्या ताई तापाने आल्या नाहीत तर त्या दिवसांचे पैसे कापायचे का? आपल्या स्वतःच्या नोकरीत आजारपणाची पगारी रजा असेल, तर उत्तर आपल्याला ठाऊक आहे. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. गावाला जायचं असेल तर पैसे देऊन जा. आठवड्याची एक सुट्टी आपणहून द्या; दहा आज्ञांतली विसाव्याची आज्ञा फक्त मालकापुरती नाही, तिच्यात दास, दासी, परका आणि बैलसुद्धा स्पष्ट नोंदवलेला आहे. रविवारी आपण उपासनेला जातो आणि त्याच सकाळी ताईंना लवकर बोलावतो, म्हणजे परत येईपर्यंत स्वयंपाकघर आवरलेलं असावं. हे जरा मोठ्याने म्हणून पाहिलं की पुढे काय करायचं ते सांगावं लागत नाही.

आणि मंडळीचं काय? चर्चचं आवार झाडणारा, घंटा वाजवणारा, खुर्च्या मांडणारा माणूस बहुतेक ठिकाणी असतो. त्याचा पगार कोणत्या तारखेला होतो, हे पुढच्या वार्षिक सभेत उठून विचारा. नव्या ध्वनियंत्रणेचा ठराव मांडण्याआधी विचारा.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनीही इथे उपयोगी पडतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास कामाला लागलेल्यालाही त्याने पूर्ण दिवसाचा दिनार दिला. दाखला देवाच्या राज्याविषयी आहे, मजुरी कायद्याविषयी नाही, हे मान्य. पण दाखल्यातल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली आहे: अर्ध्या दिवसाच्या मजुरीत अर्धंच घर जेवतं. गवंडी सकाळी आला, दुपारी पाऊस लागला, काम थांबलं. अशा दिवशी हिशेब कसा करायचा हे तुमच्यावर आहे.

आता सरवा. पीक काढून झाल्यावर रानात राहिलेली कणसं, शेंगा, बोंडं वेचणं आपल्या खेड्यांत अजून चालतं, आणि रूथचं पुस्तक मराठी माणसाला म्हणूनच परकं वाटत नाही. लेवीयात नियम आहे की शेताच्या काठापर्यंत कापू नये, गळालेलं उचलू नये; ते गरिबांचं आणि परक्याचं. रूथ विधवा, मवाबी, म्हणजे दोन्ही अर्थांनी हक्काची. बवाजाने नियम तर पाळलाच, वर गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून चार ताटं मुद्दाम ओढून खाली टाका आणि तिला कुणी बोलू नका. या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर थांबा. धान्य देणं सोपं आहे. देताना तिला कुणी टोचून बोलू नये याची व्यवस्था करणं, हे बवाजाचं खरं काम.

सरवा म्हणजे भीक नव्हे. वेचणारी स्वतः वाकते, वेचते, झोडपते आणि आपल्या कष्टाचं म्हणून घरी नेते. मालकाने करायचं ते इतकंच, की सगळंच आपल्या खळ्यात ओढून न्यायचं नाही. पगारदार माणसाला शेत नसतं, पण काठ असतो. भाजीवालीशी शेवटच्या पाच रुपयांसाठी घासाघीस न करणं हा काठ. महिन्याच्या अंदाजपत्रकात एक रक्कम कशालाही न नेमता मोकळी ठेवणं हा काठ. दुकान असेल तर साफसफाईचं, पोहोचवण्याचं, पॅकिंगचं एखादं काम यंत्राला किंवा मोठ्या कंपनीला न देता गल्लीतल्या गरजू घराला देणं हा फार चांगला काठ. वेळेचाही काठ असतो. ज्याची डायरी रात्री दहापर्यंत भरलेली आहे, त्याच्या दारात कुणी अडलेला आला तर तो प्रेमळ असूनही चिडणारच.

केडगावला पंडिता रमाबाईंनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलीबायांना घेऊन आल्या. नुसतं खाऊ घालून त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं. 1922 साली त्या गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे जुळवले ते याच छापखान्यातल्या बायकांनी. दुष्काळातून आलेल्या हातांना त्यांनी काम दिलं, आणि कामही शास्त्र छापण्याचं.

याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात खुर्च्यांचा प्रश्न आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांतला माणूस आला की त्याला चांगली जागा. मळक्या कपड्यातला आला की ‘तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे पायाशी बस’. आपल्याकडे कापणीच्या सणाला, चर्चच्या वर्धापनदिनाला पुढे सोफा लागतो, त्यावर पांढरे टॉवेल पडतात, आणि नगरसेवक येईपर्यंत पहिलं गीत थांबतं. सोफा काढून टाका, इतकंच याकोबाचं सांगणं मानलं तरी चालेल. पण आपल्याकडची खरी अंगठी जात आहे, हे लपवून काय उपयोग? बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झालेली घरंही स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारतात. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर पुन्हा काढा. सोवळ्यातून बाहेर पडायची त्यांची धडपड सिद्धान्तावर नाही, पाणी कुणाच्या हातचं प्यायचं या प्रश्नावर येऊन ठेपते. तिथेच ती सुटते. तेव्हा या आठवड्याची कॅलेंडरवरची ओळ जेवणाची असू द्या. मंडळीतल्या ज्या घरी तुम्ही आजवर जेवायला गेला नाहीत, तिथे जा. त्यांना आपल्याकडे बोलावणं ही पुढची पायरी. आधी त्यांच्या ताटात जेवा. लूकाच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की मेजवानीला परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवावं. लग्नाची यादी करताना शेवटची दहा पानं त्या हिशेबाने लिहून बघा, म्हणजे कळेल हे वचन किती जड आहे.

जिभेबद्दल याकोबाने तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग घातला आहे. मी एकच गोष्ट सांगतो. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रार्थनेची विनंती या नावाखाली जी चहाडी चालते, ती बंद करा. ‘अमुक बहिणीच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती माहेरी निघून गेली आहे’ ही विनंती नव्हे, बातमी आहे. प्रार्थनेची विनंती टाकण्याआधी ज्याच्यासाठी ती आहे त्याची परवानगी घ्या. मिळाली नाही तर एकट्याने प्रार्थना करा, देवाला नाव माहीत आहे. आणि कुणी खरीच अडचण लिहिली तर त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकून थांबू नका. उघड्याला ‘ऊब घे’ आणि उपाश्याला ‘तृप्त हो’ म्हणून वाटेला लावणाऱ्याचा याकोबाने जो समाचार घेतला आहे, तो त्या चित्राला तंतोतंत लागू पडतो. फोन करून विचारा: ‘डबा आणू का? रात्री दवाखान्यात थांबायला कुणी आहे का?’

भांडणं. इथे शास्त्र अतिशय व्यवहारी आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. अठराव्या अध्यायात उलट बाजू आहे: त्याने तुझा अपराध केला असेल तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला सांग. आपण काय करतो? सुरुवात मंडळीपासून करतो, मग एकदोघांशी बोलतो, आणि ज्याचं त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

पुष्कळ मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधीचा शनिवार समेटाला ठेवा. मेसेज पाठवू नका. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि तो पुढे पाठवता येतो. स्वतः जा किंवा फोन करा. बोलायचं काय ते आधी ठरवा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं म्हणू नका. त्यात चूक वाटणाऱ्याची होते. ‘वाटणीच्या बैठकीत मी तुला चारचौघांत खोटारडा म्हणालो. ते चुकलं.’ एवढं बोलून गप्प बसा. ‘पण तूसुद्धा’ हे दोन शब्द त्या दिवशी घरी ठेवून जा. समोरचा ताडकन काही बोलेल, ते ऐकून घ्या. ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश, हे याकोबाने याच प्रसंगासाठी लिहिलं असावं. पहिल्याच फोनला भाऊबंदकी मिटत नाही. बांधाचा दावा कोर्टात असेल तर तो फोनने निघणारही नाही, आणि निघालाच पाहिजे असंही नाही. दावा चालू असताना एकमेकांच्या मयतीला जाता येतं. लूकाच्या बाराव्या अध्यायात एकाने येशूला वाटणीत मध्यस्थी करायला सांगितलं तर त्याने ते सरळ नाकारलं आणि लोभाविरुद्ध इशारा दिला. पाळकसाहेबांना सातबाऱ्यावर ओढणाऱ्यांनी तो प्रसंग वाचावा.

एक ताकीद मात्र इथे द्यायलाच हवी. सूर्य मावळायच्या आत राग सोडण्याचं इफिसकरांस पत्रातलं वचन आणि सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याचं मत्तयातलं वचन, ही दोन्ही मार खाणाऱ्या बायकोवर वापरली जातात. ‘क्षमा कर आणि परत नांदायला जा’ असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मत्तयाचा अठरावा अध्याय पूर्ण वाचावा. त्यात साक्षीदार आहेत, मंडळी आहे, आणि न ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणंही आहे. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच हाताखाली जाऊन उभं राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा. 112 किंवा महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइन फिरवणं अविश्वासाचं लक्षण नाही. वचन पाळायचा भार दर वेळी दुबळ्याच्याच खांद्यावर पडत असेल, तर ते वचन चुकीच्या माणसाला वाचून दाखवलं जात आहे.

देण्याबद्दल थोडक्यात. पौलाने करिंथकरांना सांगितलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी वर्गणी नको. वर्गणी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती. स्वयंपाकघरातला एक डबा किंवा वेगळं खातं, रविवारी आधी तेवढी रक्कम त्यात. महिन्याअखेर उरेल ते देऊ म्हटलं की उरत नाही. दुसरं, देणं गुप्त ठेवावं असं डोंगरावरचं प्रवचन सांगतं. तरी आपल्या चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं असतात. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, एवढाच त्यातला दिलासा.

कुणी विचारील, आणि विचारावंही, की लेवीयाचा तो एकोणिसावा अध्याय दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही सांगतो. मग टेरिकॉटचं काय? हा प्रश्न पहिल्याच पिढीत निघाला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेची सभा ठरवते की परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सबंध नियमशास्त्राचं ओझं टाकायचं नाही, आणि तो निर्णय बोलून दाखवणारा याकोब. परंपरेप्रमाणे पत्र त्याचंच. त्याच याकोबाच्या पत्रात मजुरी आहे, विधवा आणि पोरकी मुलं आहेत, श्रीमंत-गरिबांतला पक्षपात आहे. कपड्याचे धागे नाहीत. जुन्या करारातली कोणती गोष्ट नव्या करारात पुन्हा हाती घेतलेली दिसते, हे पाहत वाचलं तर बराचसा गोंधळ कमी होतो. उरलेल्या नियमांत हेतू शोधावा, जसा कठड्यात शोधला.

शेवटी जक्कय, कारण हे सगळं वाचून काहींना मागची देणी आठवतील. यरीहोचा हा जकातदार येशूचं आपल्या घरी आनंदाने स्वागत करतो आणि हिशेबाचीच भाषा बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांचं लबाडीने घेतलं त्यांना चौपट. दुखावलेल्या मनाची वर्णनं त्याने केली नाहीत. तुमच्याकडेही कुणाचं राहिलं असेल. वजनात मारलेलं, उचल देऊन कागदावर जास्त लिहिलेलं, बहिणीच्या हक्कसोड पत्रावर घाईत घेतलेली सही. एक कागद घ्या, नावं लिहा, समोर रक्कम लिहा. लहान रकमेपासून सुरुवात करा, म्हणजे हात वळतो. मजूर वारला असेल तर त्याच्या मुलांना शोधा. गाव सोडलं असेल तर मुकादमाला पत्ता विचारा. बहिणीच्या सहीचं प्रकरण असेल तर तिच्यासोबत वकिलाकडे जा, आणि फी तुम्ही भरा. रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवून सांगा आणि पहिला हप्ता सांगतानाच द्या. पैसे कशाचे आहेत ते एका ओळीत लिहा: कोणतं साल, कोणतं काम, किती दिवसांची मजुरी. पाकिटात तेवढी चिठ्ठी आणि पैसे ठेवा. सुवार्तेची पत्रिका त्यात घालू नका.